प्रथिन ‘सापडलं’ असं कधी म्हणायचं?

माणसात प्रथिनांची कृती सांगणारी जनुकं सुमारे २०,०००. प्रत्येकाचं निदान एक प्रथिन प्रत्यक्ष पेशीत दाखवणं, हे ह्यूमन प्रोटिओम प्रोजेक्टचं (प्रोटिओम म्हणजे सगळ्या प्रथिनांचा संच) काम २०१० पासून चालू आहे. २०१४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन मोठे कच्चे नकाशे आले. प्रथिन-संशोधक अखिलेश पांडे यांच्या गटाचा, बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मॅटिक्ससह केलेला, १७,२९४ जनुकांचा. म्युनिकच्या गटाचा १८,०९७ चा. पण दोन्ही याद्यांत वास ओळखणारे शंभराहून जास्त रिसेप्टर (पेशीवरची संदेश टिपणारी प्रथिनं) निघाले, आणि नाकाच्या ऊतीचा नमुना तर कुणीच घेतला नव्हता!

चूक आकडेमोडीत असते. प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइडं, मास स्पेक्ट्रोमीटर या वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात घालतात. त्याचा प्रत्येक स्पेक्ट्रम (वस्तुमानांचा आलेख) डेटाबेसमधल्या पेप्टाइडशी जुळवतात आणि उलट्या क्रमाच्या खोट्या डेटाबेसशी किती जुळतात त्यावरून चुकीचं प्रमाण १ टक्क्यावर रोखतात. एक लाख जुळण्या धरल्या तर हजार चुकीच्या. खऱ्या जुळण्या त्याच त्या प्रथिनांवर साचतात. चुकीच्या मात्र विखुरतात, आणि जवळजवळ प्रत्येक चूक एक नवं ‘प्रथिन’ यादीत घालते. म्हणून प्रथिनांच्या पातळीवरचा १ टक्का वेगळा मोजायलाच हवा. आताचा नियम कडक आहे: किमान ९ अमिनो आम्लांची, एकमेकांत न सामावणारी, फक्त त्याच प्रथिनात आढळणारी दोन पेप्टाइडं. या निकषावर २०२० मध्ये ९०.४ टक्के काम झाल्याचं जाहीर झालं.

नमुना तयार करतानाही घोळ होतात. ८ मोलर युरियात पेशी फोडल्या की ते द्रावण तापवू नये. तापवलं तर युरियातून सायनेट बनतं, ते लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतं, वस्तुमान ४३ डाल्टनने (रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) वाढतं आणि प्रथिनांचे तुकडे करणारं ट्रिप्सिन हे विकर तिथे कापत नाही. डीटीटी या रसायनाने प्रथिनातले डायसल्फाइड बंध तोडा, मग ते पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोअ‍ॅसिटामाइड, अंधारात. त्यानंतर युरिया १ मोलरपर्यंत विरळ करा, नाहीतर ट्रिप्सिन मंदावतं. ५० भाग प्रथिनाला १ भाग ट्रिप्सिन, ३७ अंशांवर रात्रभर. हातमोजे, झाकलेल्या नळ्या. एवढं करूनही त्वचेचं केराटीन हे प्रथिन थोडं येतंच.

उरलेली प्रथिनं चिवट का? ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं. पेशीच्या पटलात रुतलेल्या भागांत हे दोन्ही विरळ, त्यामुळे तुकडे लांबलचक, पाणी टाळणारे, यंत्रात नीट न उडणारे. वासाचे रिसेप्टर नेमके याच जातीचे. त्यांच्यासाठी कायमोट्रिप्सिनसारखं दुसरं विकर वापरून पाहावं, आणि नमुना नाकातूनच घ्यावा.