अंतूरला जायचं तर नागापूरमार्गे

वेरूळ-अजिंठा पाहून परत निघालेल्या माणसांना मी हल्ली आवर्जून सांगतो, आणखी एक दिवस काढा आणि कन्नड तालुक्यातल्या नागापूरला जा. मराठवाडा जिथे संपतो ती डोंगराची कड तिथून जवळ आहे, आणि तिच्यावर अंतूरचा किल्ला.

संभाजीनगरहून धुळे रस्त्याने कन्नड साधारण ६० किलोमीटर. तिथून पिशोर, मग नागापूर. पिशोरनंतर गाड्या मोजक्याच. काळीपिवळी भरेपर्यंत थांबावं लागलं आणि त्यात सकाळ गेली. दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी.

पारावर वाट विचारली तेव्हा एका काकांनी आधी माझ्या चपला पाहिल्या, मग पाण्याची बाटली. "एवढ्यानं नाही भागायचं. वर तळं हाय, पण त्यातलं पिऊ नका." लगेच त्यांनी भाच्याला हाक मारली. सोबत गावातला माणूस घ्याच, हे मी आग्रहाने सांगेन. अश्विनात गवत कमरेच्या वर असतं, पायवाट त्यात पार बुडून जाते. पोरगा मात्र थांबला तो फक्त पिकलेली सीताफळं काढायला. कुसळं पायजम्यात रुतली, ती उपटत उपटतच आम्ही चाललो.

किल्ला दिसतो तो एकदम. पठारापासून पुढे गेलेली डोंगराची सोंड मधेच तोडून कातळात खंदक खोदलाय, म्हणजे पठारावरून चालून येणाऱ्याला सरळ आत शिरायची सोयच ठेवलेली नाही. पुढे एकामागून एक दरवाजे. निजामशाहीचा हा किल्ला, इथे फारसी शिलालेखही आहे. आत मोठं तळं आणि त्याच्या काठी दर्गा. इमारतींची पडझड खूप झालीय. त्या खंदकापाशी मी बराच वेळ होतो. छिन्नी-हातोड्याने इतका कातळ फोडणाऱ्या हातांचं नाव कुठल्याच दगडावर नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

उत्तरेच्या तटावरून खाली खानदेश पसरलेला. समोरच्या कड्यांवर लाव्हाचे थर आडव्या रेघांसारखे मोजता येतात. पोरगा म्हणाला, "इकडचं पाणी गंगेला जातं, तिकडचं तापीला." खरंच, अजिंठ्याच्या या रांगेच्या दक्षिण उताराचा पाऊस शेवटी गोदावरीला, म्हणजे इथल्यांच्या गंगेला, मिळतो आणि उत्तरेचा गिरणा-तापीतून पश्चिमेच्या समुद्राला.

परतल्यावर काकांच्या घरी मावशींनी बाजरीची भाकरी, ठेचा आणि पिठलं वाढलं. पैशांना हात लावेनात. पाऊस एवढा पडतो तर उन्हाळ्यात कसं, असं विचारलं. "पडतो की. पण माथ्यावरचं गाव, दोन्ही अंगांनी उतरून जातो," त्या म्हणाल्या. फाल्गुनापासून विहिरी तळ गाठतात. तिथे हंडा भरायला किती लांब जावं लागतं हे ऐकल्यावर पाहुण्याने बाटलीतलं उरलेलं पाणी ओतून टाकू नये.

श्रावणात जाऊ नका, धुक्यात कडाच दिसत नाही. दिवाळीच्या आगेमागे जा, पाणी भरपूर न्या. वाटाड्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या, ती आधीच ठरवून घ्या. परतीची गाडी कधी आहे ते पिशोरलाच विचारून ठेवा.