थेम्सकाठचा वाडा आणि तीनच बाजूंचा खंदक

लंडनला मावसभावाकडे गेले होते, टॉवर ब्रिज आणि म्युझियम वगैरे सगळं झालंच, पण मनात घर करून बसली ती जागा बर्मंडसी स्टेशनपासून जरा चालत गेलं की नदीकाठी एंजल नावाचा जुना पब आहे त्याच्यासमोर, तिकीट नाही, गेट नाही, नुसतं गवत आणि त्यात गुडघ्याएवढ्या दगडी भिंती. तिसऱ्या एडवर्ड राजाचं मॅनर हाऊस, 1350च्या सुमाराचं!

वहिनी म्हणाली, "अगं, इथे तर मी लेकाला रोज खेळायला आणते, राजाचा वाडा होता हे माहीतच नव्हतं."

मी नगरचा भुईकोट पाहिलेली, खंदक म्हटलं की शत्रू, तोफा, वेढा हेच डोक्यात. इथे मात्र खंदक तीनच बाजूंना होता, चौथी बाजू सरळ थेम्सवर उघडी, म्हणजे राजाला होडीने थेट दारात उतरता यायचं. ज्याला हल्ल्याची भीती आहे तो अशी बाजू मोकळी ठेवेल का? इंग्लंडमध्ये असे खंदकवाले वाडे जवळपास 6,000 सापडलेत, बहुतेक 1250 ते 1350 मधले, आणि जास्त करून चिकणमातीच्या भागात कारण तिथे पाणी टिकतं. त्यात मासे पाळायचे, आजूबाजूचं पाणी त्यात उतरायचं, चोर आणि जनावरं बाहेर राहायची, पण मला वाटतं खरं कारण रुबाब, आपल्याकडे वाड्याला दिंडी दरवाजा असायचा ना तसंच.

आणि गंमत म्हणजे खंदकाच्या तळाचा ओला चिखल हाच पुरातत्त्ववाल्यांचा खजिना, हवा लागत नाही म्हणून एरवी कुजून जाणारं लाकूड, चामडं, फळांच्या बियासुद्धा त्यात शेकडो वर्षं टिकतात.

इथला वाडा पुढे खाजगी हातात गेला, सतराव्या शतकात खंदक बुजवून कुंभारकाम सुरू झालं, मग त्यावर गोदामं, आणि ती पाडल्यावर 1980च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा या भिंती पुन्हा उजेडात आल्या.

मी एका भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभी होते, दगड ओबडधोबड, सांध्यात शेवाळ, थंडगार. ओहोटी होती, नदीच्या चिखलाचा वास येत होता. भाचा म्हणाला, "आत्या, राजाची होडी कुठे लागायची?" मग आम्ही तिघं काठाच्या कठड्यापाशी जाऊन ती जागा शोधत बसलो.