वासिल स्तुस यांचा वकील

जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करताना, ज्यांना स्वतःचा वकील देणे परवडत नाही अशा आरोपींची अनेक प्रकरणे मी विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरून चालवली आहेत. अशा प्रकरणात अशील वकिलाला निवडत नाही. तो त्याला नेमून दिलेला असतो. त्यामुळे तुरुंगातल्या पहिल्या भेटीत आरोपी बराच वेळ नुसता पाहत राहतो, आणि त्या पाहण्यात हा माणूस आपला आहे की त्यांचा, एवढाच प्रश्न असतो. युक्रेनच्या राजकारणाकडे मी वळलो तो या प्रश्नामुळे. २०२२ सालच्या मार्चमध्ये ओळखीच्या एका कुटुंबातली मुलगी व्हिन्नित्साहून वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून परतली. तिच्याशी बोलताना त्या शहरातल्या, एका कवीच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठाचा उल्लेख निघाला, आणि त्या कवीविषयी वाचता वाचता मी त्याच्या वकिलापर्यंत पोहोचलो.

कवीचे नाव वासिल स्तुस. जन्म १९३८ सालचा, व्हिन्नित्सा प्रांतातल्या एका खेड्यातला. बालपण आणि शिक्षण दोनेत्स्कच्या कोळसापट्ट्यात. सप्टेंबर १९६५ मध्ये कीव्हच्या एका चित्रपटगृहात पहिल्या खेळाच्या वेळी समीक्षक इव्हान द्झ्यूबा यांनी उभे राहून युक्रेनियन लेखक-कलावंतांच्या अटकसत्राची बातमी सांगितली, तेव्हा त्यांना उघड साथ देणाऱ्यांत स्तुस होते आणि पत्रकार व्याचेस्लाव चोर्नोविलही होते. स्तुस यांचे संशोधनाचे काम गेले आणि १९७२ मध्ये ते पहिल्यांदा तुरुंगात गेले. १९७९ मध्ये ते कीव्हला परतले. मानवी हक्कांचे उल्लंघन नोंदवणाऱ्या युक्रेनियन हेल्सिंकी गटाचे बहुतेक सदस्य तोवर गजाआड झाले होते. हे ठाऊक असूनही स्तुस त्या गटात सामील झाले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा पकडले गेले. सोव्हिएत युक्रेनच्या दंडसंहितेच्या कलम ६२ प्रमाणे आरोप होता सोव्हिएतविरोधी प्रचाराचा, आणि पुरावा होता त्यांच्या कविता, पत्रे व संभाषणे.

न्यायालयाने त्यांना जो वकील दिला, त्याचे नाव व्हिक्तर मेदवेदचुक. वय २६, कीव्ह विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन दोन वर्षे झालेली. स्तुस यांनी हा वकील नको म्हणून सांगितले. ते ऐकले गेले नाही. खटल्यात साक्षीदार म्हणून बोलावलेल्या स्वेतलाना किरिचेंको यांनी आपल्या मित्राविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला आणि त्याबद्दल स्वतः शिक्षा भोगली. बचावाच्या वकिलाने मात्र, अशिलाने आरोप अमान्य केलेले असताना, त्याच्यावर लावलेले कलम योग्य असल्याचे भाषणात मान्य केले. शिक्षा ठरवताना त्याचे कारखान्यातले काम आणि पोटावर झालेली शस्त्रक्रिया विचारात घ्यावी, एवढी विनंती केली. शिक्षा झाली दहा वर्षे कठोर कारावासाची आणि त्यानंतर पाच वर्षे हद्दपारीची. गोर्की शहरात स्थानबद्ध असलेले शास्त्रज्ञ आणि मानवी हक्कांचे पुरस्कर्ते आंद्रेई साखारोव्ह यांनी या निकालाचा जाहीर निषेध केला. स्तुस ४ सप्टेंबर १९८५ रोजी पर्मच्या छावणीत एकांतकोठडीत वारले, तेव्हा मिखाईल गोर्बाचेव्ह यांना सत्तेवर येऊन सहा महिने होत आले होते.

मेदवेदचुक यांनी पुढे वारंवार असा खुलासा केला की निकाल आधीच ठरलेला होता आणि दुसऱ्या कोणत्याही वकिलाने काही फरक पडला नसता. वकील म्हणून मी हा खुलासा सहजासहजी झटकू शकत नाही. राजकीय खटले चालवण्यासाठी त्या काळी वकिलाला विशेष परवाना लागे, तो कोणाला द्यायचा हे सुरक्षा यंत्रणाच ठरवत असे, आणि तिने ठरवलेली शिक्षा न्यायाधीश बदलत नसत, हे सारे खरे आहे. परंतु त्याच व्यवस्थेत मॉस्कोच्या दिना कामिन्स्काया यांनी आपल्या अशिलांसाठी निर्दोष मुक्ततेची मागणी केली आणि अखेर देश सोडला. बोरिस झोलोतुखिन यांनी १९६८ मध्ये राजवटीचे टीकाकार अलेक्सांद्र गिन्झबुर्ग यांच्या खटल्यात हीच मागणी केल्याबद्दल पक्षातून आणि वकीलसंघटनेतून काढले जाणे पत्करले. त्यांचेही अशील सुटले नाहीत. तरीही न्यायालयात एक माणूस आपल्या बाजूने बोलला, हे त्या अशिलांनी ऐकले. स्तुस यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. स्तुस यांच्या आधी, १९७९ मध्ये, मेदवेदचुक यांनी युरी लितविन या दुसऱ्या कवीचेही वकीलपत्र घेतले होते, आणि लितविन यांनी आपल्या अखेरच्या निवेदनात न्यायालयालाच सांगितले होते की माझा वकील गप्प बसला तो अज्ञानामुळे नाही, वरून आलेल्या सूचनांमुळे.

१९ नोव्हेंबर १९८९ रोजी स्तुस, लितविन आणि ओलेक्सा तिखी या कैदेत वारलेल्या तिघांचे अवशेष पर्मच्या छावणीजवळून आणून कीव्हच्या बायकोव्हा दफनभूमीत पुन्हा पुरले गेले. हजारो लोक निळे-पिवळे झेंडे घेऊन त्या शवपेट्यांमागून चालले. त्या तीन शवपेट्यांपैकी दोन मेदवेदचुक यांच्या अशिलांच्या होत्या.

याच देशात त्या काळी आणखी एक वकील होता, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय १९९१ साल समजत नाही. लेव्को लुक्यानेंको मॉस्को विद्यापीठात कायदा शिकले. सोव्हिएत राज्यघटनेत घटक प्रजासत्ताकांना संघातून बाहेर पडण्याचा अधिकार लिहिलेला होता. लुक्यानेंको यांनी तो शब्दशः खरा मानला आणि सार्वमत घेऊन शांततेने वेगळे होण्याचा कार्यक्रम काही मित्रांसह मांडला. राज्यघटनेतले कलम वापरायचे ठरवल्याबद्दल १९६१ मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. मृत्यूची वाट पाहत त्यांनी ७२ दिवस काढले, मग ती शिक्षा पंधरा वर्षांच्या कारावासात बदलली. सुटून आल्यावर १९७६ मध्ये ते हेल्सिंकी गटाच्या संस्थापकांत होते, म्हणून पुन्हा दहा वर्षे कारावास आणि पाच वर्षे हद्दपारी. १९९० मध्ये ते संसदेवर, म्हणजे वेर्खोव्ना रादावर, निवडून आले. पुढच्या वर्षी मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध कट्टर कम्युनिस्टांनी केलेले बंड फसल्यावर स्वातंत्र्याच्या घोषणेचा मसुदा त्यांनी एका शालेय वहीत हाताने लिहिला.

२४ ऑगस्ट १९९१ रोजी तो मसुदा सभागृहात ३४६ मतांनी संमत झाला, तेव्हा अध्यक्षस्थानी होते लिओनिद क्रावचुक. चोर्नोविल, लुक्यानेंको, स्तुस यांच्यासारख्यांविरुद्ध ज्या कम्युनिस्ट पक्षाची प्रचारयंत्रणा चालत असे, त्याच पक्षाच्या प्रचार विभागाचे ते कित्येक वर्षे प्रमुख होते. सभागृहात कम्युनिस्टांचे बहुमत होते आणि त्यांच्या मतांशिवाय ठराव संमत होणे शक्य नव्हते. त्यांतल्या अनेकांनी हात वर केला तो मॉस्कोत पक्षावर घाव घालणारे रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांच्या भीतीने. मृत्युदंडाच्या कोठडीतून आलेल्या माणसाने लिहायचे आणि त्याच्याविरुद्ध प्रचार करणाऱ्या खात्याच्या माणसाने वाचून दाखवायचे, असे ते स्वातंत्र्य होते. रक्ताचा थेंब न सांडता ते मिळाले, आणि त्यासाठी हा समझोता करणाऱ्या दोन्ही बाजूंविषयी मला आदर वाटतो.

परंतु त्या समझोत्याची एक किंमत होती. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही ८० टक्क्यांच्या वर, तर क्रिमियात ५४ टक्के. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही झाली. क्रावचुक यांना ६१ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, चोर्नोविल यांना सुमारे २३ टक्के आणि लुक्यानेंको यांना पाच टक्क्यांहूनही कमी. म्हणजे ज्यांनी स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचले त्यांचे म्हणणे लोकांनी स्वीकारले आणि राज्य मात्र जुन्या कारभाऱ्यांच्या हाती ठेवले. (लुक्यानेंको यांनी उत्तरायुष्यात ज्यू लोकांविषयी जी विधाने केली ती मला अत्यंत निंद्य वाटतात, आणि त्यांच्या धैर्याचे वर्णन करताना ती लपवणे बरोबर नाही.) चेकोस्लोव्हाकियाने त्याच वर्षी जुन्या राजवटीच्या हस्तकांना सरकारी पदांपासून दूर ठेवणारा कायदा केला. युक्रेनने तसा कायदा केला तो २०१४ मध्ये, पुष्कळ रक्त सांडून गेल्यावर.

मधल्या तेवीस वर्षांत मेदवेदचुक कुठे होते, हे पाहिले की ही किंमत नेमकी कळते. ते १९९० पासून देशातल्या वकिलांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. व्यवसाय वाढला, डायनामो कीव्ह या फुटबॉल क्लबभोवती जमलेल्या श्रीमंत मंडळींत ते सामील झाले, संसदेत गेले आणि सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. जून २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुचमा यांनी त्यांना आपल्या कार्यालयाचे प्रमुख केले. कोणती बातमी दाखवायची, कोणती गाळायची आणि कोणती कशा शब्दांत द्यायची, याच्या निनावी लेखी सूचना दूरचित्रवाणी वाहिन्यांना जात असत तो हाच काळ. त्यांना युक्रेनमध्ये ‘तेमनिकी’ म्हणत. १९७९ मध्ये वरून आलेल्या सूचना पाळल्याचा आरोप ज्याच्यावर त्याच्या अशिलाने केला होता, त्याच्याच कार्यालयाकडे आता सूचना पाठवल्याबद्दल बोट दाखवले जात होते. आणि मेदवेदचुक यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या संसदीय गटाचे नेते त्याच वर्षी कोण झाले होते, तर माजी राष्ट्राध्यक्ष क्रावचुक. २००४ मध्ये मेदवेदचुक यांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून व्लादिमिर पुतिन उभे राहिले.

मेदवेदचुक स्वतः जन्मले सायबेरियात, कारण त्यांच्या वडिलांना सोव्हिएत राजवटीने युक्रेनियन राष्ट्रवादी ठरवून तिकडे धाडले होते. हा तपशील वाचल्यावर मी काही दिवस या लेखाला हात लावला नाही. अशा घरातला मुलगा स्तुसही होऊ शकला असता, हा विचार मनातून जात नव्हता.

त्याच २००४ सालच्या अखेरीस राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उघड घोटाळा झाला आणि कुचमा यांचा पाठिंबा असलेले व्हिक्तर यानुकोविच विजयी झाल्याचे जाहीर केले गेले. कीव्हच्या चौकात जमलेल्या लाखोंची छायाचित्रे जगाने पाहिली. मला त्याहून मोलाचे वाटते ते सर्वोच्च न्यायालयातले कामकाज, जे देशभर थेट प्रक्षेपित झाले. दोन्ही बाजूंचे वकील मतमोजणीच्या आकड्यांवर, मतदारयाद्यांवर आणि कायद्यातल्या कलमांवर दिवसचे दिवस युक्तिवाद करत होते, आणि ३ डिसेंबर रोजी न्यायालयाने दुसरी फेरी रद्द करून ती पुन्हा घेण्याचा आदेश दिला. २६ डिसेंबरच्या फेरमतदानात विरोधी उमेदवार व्हिक्तर युशचेंको निवडून आले. सत्तेला नको असलेला निकाल देणारे हे न्यायालय ज्या शहरात भरले, त्याच शहरात चोवीस वर्षांपूर्वी स्तुस यांचा खटला चालला होता. कुचमा पायउतार झाले आणि मेदवेदचुक यांचे पदही गेले.

ते परत आले. २०१९ च्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या रशियाधार्जिण्या पक्षाला १३ टक्के मते मिळाली आणि तो सभागृहातला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. त्याच वर्षी पत्रकार वाख्तांग किपियानी यांनी स्तुस खटल्याची गुप्त पोलिसांकडची कागदपत्रे पुस्तकरूपाने छापली, त्यावर मेदवेदचुक यांनी दावा लावला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कीव्हच्या एका न्यायालयाने त्यांच्याविषयीची काही वाक्ये वगळण्याचा आदेश दिला. लोकांनी लगेच पुस्तकाच्या उरलेल्या प्रती विकत घेऊन संपवल्या. २०२१ च्या मार्चमध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला. पस्तीस वर्षांपूर्वी मेलेल्या अशिलाचे दप्तर बंद राहावे म्हणून त्याचाच वकील न्यायालयात गेला, ही गोष्ट माझ्या व्यवसायातल्या कोणालाही अस्वस्थ करील.

मे २०२१ मध्ये मेदवेदचुक यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. सरकारी पक्षाने कोठडी किंवा तीस कोटी ह्रिव्ह्न्यांहून अधिक रकमेचा जामीन मागितला. मेदवेदचुक यांचे वकील त्यांनी स्वतः निवडलेले होते; त्यांनी खुल्या न्यायालयात विरोध केला आणि न्यायाधीशांनी कोठडी नाकारून आरोपीला त्याच्याच घरी स्थानबद्ध ठेवले. अनेक युक्रेनियनांना त्या निर्णयाचा संताप आला होता. मला मात्र तो वाचताना समाधान वाटले, कारण स्तुस यांना नाकारलेली प्रत्येक गोष्ट त्या सुनावणीत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन फौजा घुसल्यावर ते स्थानबद्धतेतून पळाले आणि १२ एप्रिलला पकडले गेले. २१ सप्टेंबर रोजी त्यांना रशियाच्या हवाली केले गेले. त्यांच्या बदल्यात २०० युक्रेनियन युद्धकैदी सुटून आले, त्यांत मारिउपोलच्या पोलाद कारखान्यात लढलेले सैनिकही होते. त्या सैनिकांच्या घरच्यांच्या जागी मी असतो तर याहून वेगळे काही मागितले नसते. तरीही सुटकेपूर्वी राजद्रोहाच्या आरोपाचा पुरावा खुल्या न्यायालयात मांडला जाऊन त्यावर उलटतपासणी व्हायला हवी होती, आणि ती व्हायच्या आत आरोपी सीमेपलीकडे गेला, याची खंत मला अजून वाटते.