पान नाही, फुलपाखरू आहे ते!!

आज ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात ब्लू ओकलीफ नावाचं फुलपाखरू दिसलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. पंख मिटून बसलं की अक्षरशः वाळकं पान, मधली शीर, बुरशी लागल्यासारखे ठिपके, आणि कहर म्हणजे मागच्या पंखाची छोटी शेपटी थेट देठासारखी. त्यात प्रत्येकाची शेड जराशी वेगळी. सगळी एकसारखी असती तर पक्ष्यांनी कधीच ओळखली असती, असं आपलं माझं लॉजिक.

उडालं की मात्र निळाशार रंग, त्यावर फिकट पट्टा, पक्षी त्या निळ्याच्या मागे लागतो आणि हे पटकन बसून पंख मिटतं, निळा गायब, बस आता शोधत! फुलांवर फारसं येतच नाही, सडलेली फळं आणि झाडाचा चीक हेच याचं खाणं. अळ्या कारवीच्या झुडपांवर वाढतात, आणि सह्याद्रीत कारवीला काय तोटा.

सोबतच्या काकांना समोरचं दिसेचना, शेवटी फोटो झूम करून दाखवला तर म्हणाले, "पानाचा फोटो दाखवून मला गंडवतोस होय रे?" 😄