आडनाव सांग ना

टीचिंग असिस्टंटचं काम मिळायचं तर आमच्या कॅम्पसवर पूर्वग्रह कमी करण्याची दोन दिवसांची कार्यशाळा करावी लागे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत एमएसचं माझं दुसरं वर्ष होतं. रूममेटलाही तीच तारीख मिळाली, म्हणून बरोबर गेलो.

पद्धत नॅशनल कोअॅलिशन बिल्डिंग इन्स्टिट्यूटच्या धर्तीची होती. चेरी ब्राउन यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ही संस्था. कार्यशाळा घेणाऱ्या बाई एकेक गट पुकारायच्या: घरातून कॉलेजात आलेले पहिले, कामगारांची मुलं, दुसऱ्या देशातून आलेले. आपण त्यातले असलो तर उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. सक्ती नाही. मी दोनदा उठलो, बरं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, ‘जातीमुळे ज्यांना कमी लेखलं गेलं ते?’ युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख घातला, तेव्हाच्या २३ही कॅम्पसना तो लागू झाला. त्यामुळे तिथे हा प्रश्न आला. शेजारी बसलेला माझा रूममेट उभा राहिला. नागपूरकडचा मुलगा. दीड वर्ष आम्ही एकाच कुकरचा भात खात होतो. मला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी चालत घरी येताना तो बोलला. ‘पहिल्याच दिवशी तू म्हणालास, नुसतं नाव काय सांगतोस, आडनाव सांग ना. मी वडिलांचं नाव सांगितलं. मग तू मूळ गाव विचारलंस.’ मला आठवत होतं. आमच्या घरी पाहुण्याला पाणी देतानाच हे विचारतात, त्यात काही वावगं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. पण आडनाव कळलं की माणूस कुठल्या खणात टाकायचा ते मी ठरवत होतो, हे खरं आहे. तो पुढे म्हणाला, ‘बाबांचा फोन आला की मी पार्किंगमध्ये जातो. उचलल्यावर जय भीम म्हणतो ना आम्ही.’

दीड वर्ष. थंडीतसुद्धा.

दुसऱ्या दिवशी, कुणी लागट बोललं तर त्याला कसं अडवायचं याचा सराव होता. मी एका दिवाळीच्या जेवणात ऐकलेलं वाक्य दिलं: ‘इथे तरी सगळे मेरिटवर आलेत.’ तेव्हा मी गप्प राहून वाढून घेतलं होतं. सरावात तीनदा मी समोरच्याला झापलं आणि तीनही वेळा संभाषण तिथेच संपलं. बाई म्हणाल्या, आधी विचारा, असं का वाटतं तुम्हाला, आणि उत्तर पूर्ण ऐका. तुमचं म्हणणं त्यानंतर. मला हे फार जड गेलं. पण झापलेला माणूस पुढच्या वेळी आपल्यासमोर बोलतच नाही, आणि त्याचं मत तसंच राहतं, हे मला पटलं.

आता नव्या मुलाला मी फक्त नाव विचारतो. रूममेट अजून बाबांच्या फोनला खालीच जातो. मी त्याला वर बोल म्हणालेलो नाही, ते त्याने ठरवायचं. कार्यशाळेतलं दुसऱ्याचं बोलणं बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून हे लिहिण्याआधी त्याला वाचून दाखवलं. ‘जय भीम’ची ओळ मी काढणार होतो. तो म्हणाला, राहू दे.