भेगांचा फोटो, आखाजी आणि अर्धा कापलेला बैल: धुळ्यातले तीन महिने

पुण्याहून रात्रीच्या गाडीने चाळीसगाव, तिथून मेमूने धुळे. मार्चचा मध्य, आणि सकाळी दहालाच फलाटाची फरशी चपलेतून तळव्याला लागत होती. कोरडवाहू गावांत काम करणाऱ्या एका संस्थेत, परदेशी निधीवर चालणाऱ्या प्रकल्पासाठी माझी कम्युनिकेशन इंटर्नशिप होती. गावातल्या गोष्टी लिहायच्या, फोटो काढायचे, निधी देणाऱ्यांच्या अहवालाला मजकूर पुरवायचा. संस्थेचं नाव देत नाही, पुढे थोडं उणंदुणं येणार आहे.

पहिल्याच आठवड्यात मेल आला. कव्हरसाठी भेगाळलेली जमीन हवी, शक्यतो तीत म्हातारा शेतकरी, आकाशाकडे बघणारा. मीही उत्साहाने निघाले. शिंदखेडा तालुक्यातल्या एका वावरात हात आत जाईल एवढ्या भेगा होत्या. शेजारी बैल बांधून आबा लिंबाखाली बसले होते. त्यांना म्हटलं, आबा, दुष्काळ फार दिसतो. ते हसले. "ताई, भेगा त दरसाल पडतस." मग मला हाताला धरून भेगेपाशी बसवलं आणि काठीने कडेचं ढेकूळ आत ढकलून दाखवलं. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, म्हणजे जमीन स्वतःच स्वतःला उलथते. पहिला पाऊस वरून वाहून न जाता थेट खाली उतरतो. तापलेली, भेगाळलेली जमीन म्हणजे जमिनीची विश्रांती. हीच भेग हिवाळ्यात दादर ज्वारीच्या (जमिनीतल्या ओलीवर येणाऱ्या रब्बी ज्वारीच्या) वावरात दिसली की मात्र आबांचा चेहरा बदलतो, कारण तेव्हा त्यातून साठवलेली ओल उडून जाते. म्हणून कोळपणी करून, म्हणजे वरची माती हलवून, ती बुजवायची. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी दिल्यासारखं, असं म्हणतात.

मी फोटो पाठवला आणि खाली हे सगळं लिहिलं. "ओळी फार तांत्रिक झाल्या" असं उत्तर आलं. कव्हरवर शेवटी भलत्याच कुठल्या तरी तळ्याचा सुकलेला तळ छापला गेला. अशा कामाला गेलात तर तुम्हालाही असाच मेल येईल. फोटो काढा, पण महिना आणि हंगाम ओळीत लिहाच, आणि भेग शेतातली की तलावातली हेही लिहा.

कार्यालयातल्या कागदांवर कोरड्या प्रदेशाची व्याख्या होती: वर्षाचा पाऊस भागिले हवा शोषू शकेल एवढं पाणी, ते ०.६५ च्या खाली. बरोबर आहे, पण त्यातून गाव दिसत नाही. दिसतं ते पांझरेकाठी, फड पद्धतीत. नदीवर बंधारा, पाट उताराने येणार, शिवाराचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले, एका फडात एकच पीक. पाणी पाटकरी देणार, राखण जागल्या करणार. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, म्हणून पाणी कमी पडलं तर झळ सगळ्यांना. शेकडो वर्षांची ही व्यवस्था अलीकडे बरीच विस्कटली आहे. पण हिच्याबद्दल विचारलं की म्हातारी माणसं तासभर बोलतात. माझी सगळ्यात चांगली रेकॉर्डिंगं तिथली.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघाच. तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच गावाने राखलेल्या चारशे हेक्टरांहून जास्त जंगलासाठी. आधी कळवून जा. रोज कोणी ना कोणी 'यशोगाथा' मागायला येत असतं, त्यांनाही शेती असते.

आता माझी फजिती. एप्रिलमध्ये बचत गटाची बैठक ठरवली, बॅनर छापला, चहाची ऑर्डर दिली. समाजमंदिरात मी, बॅनर आणि एक कुत्रं. दुसऱ्या दिवशी आखाजी होती आणि बायका माहेरी झोक्यावर! खान्देशात अक्षय्य तृतीया म्हणजे सासुरवाशिणींचा दिवाळीहून मोठा सण, हे पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, सालही आखाजीलाच बदलतं. कार्यक्रम आखताना कॅलेंडर गावाकडून घ्या. मृग लागल्यावर मुलाखत मागूच नका. पेरणीच्या दिवसांत फार तर बांधावर चालता चालता बोला.

भाषेचं. प्रमाण मराठीत विचाराल तर ग्रामसभेतल्यासारखं उत्तर येतं, "योजनेचा लाभ मिळाला". मग अहिराणीत, म्हणजे इथल्या बोलीत, एखादं वाक्य चुकीचं बोललात तरी सगळे हसतात आणि खरं बोलणं सुरू होतं. रेकॉर्डिंग त्याच संध्याकाळी गावातल्याच एखाद्या मुलीसोबत बसून उतरवा. पुण्यात जाऊन उतरवलेल्या माझ्या दोन मुलाखतींत 'वावर' सोडून काही धड कळलं नाही.

बाकी किरकोळ. सकाळी सातला निघा, अकराच्या आत सावली गाठा. मेमध्ये फोन तापून कॅमेरा बंद पडतो, तो पिशवीत ओल्या रुमालाशेजारी ठेवा (रुमालात नको, माझा एक फोन त्यात गेला). एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण परतीची शेवटची गाडी कंडक्टरला विचारल्याशिवाय उतरू नका. जेवणाला नाही म्हणू नका. कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळाला तर डबा उघडूच नका. संमतीपत्र वाचून दाखवा, आणि फोटो परदेशात छापला जाणार हे शब्दांत सांगा. अंगठा घेऊन मोकळं होणं सोपं असतं, म्हणूनच ते करू नका.

आणि फोटो परत द्या. जूनमध्ये निघायच्या आदल्या दिवशी धुळ्यात चाळीस प्रिंट काढले आणि गावात वाटले. आबांनी आपला हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. स्वतःकडे पाहिलंच नाही.

"बैल अर्धा कापला तुम्ही," म्हणाले.