जखम भरते, पण मज्जारज्जू शांत होत नाही

भिवापुरी मिरच्यांची देठे खुडल्यावर बोटांची जी आग होते, तिच्यात प्रत्यक्ष काहीच भाजलेले नसते. मिरचीतील कॅप्सायसिन त्वचेतल्या बारीक चेतातंतूंवरील टीआरपीव्ही-१ या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे विशिष्ट द्रव्य किंवा उष्णता ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटते आणि हाच ग्राहक सुमारे ४३ अंशांच्या पुढील उष्णतेनेही उघडत असल्यामुळे दोन्ही वेळा मज्जारज्जूकडे एकच वर्दी जाते. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ओळखला आणि त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले. मला मात्र त्याहून अधिक ओढ वाटते ती ही वर्दी मज्जारज्जूत पोहोचल्यावर काय घडते याची.

हे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या बाजूस, पृष्ठशृंग या संवेदना स्वीकारणाऱ्या भागाच्या अगदी वरच्या थरांत संपतात आणि तेथे त्यांच्या टोकांतून दोन प्रकारची द्रव्ये बाहेर पडतात. ग्लुटामेट या झटपट संदेश पोहोचवणाऱ्या द्रव्याचे काम काही मिलिसेकंदांत आटोपते. उद्दीपन जोरदार आणि सतत असेल, तर सबस्टन्स पी हे न्यूरोपेप्टाइडही (चेतापेशींतले लहान प्रथिनासारखे संदेशवाहक द्रव्य) स्रवते; ते एनके-१ या ग्राहकाला जुळते, त्याचा परिणाम सावकाश चढतो, बराच काळ टिकतो, आणि ते आजूबाजूच्या पेशींपर्यंतही झिरपत जाते. त्यामुळे पुढची चेतापेशी अर्धवट जागी राहते, तिच्या एनएमडीए मार्गाला (ग्लुटामेटने उघडणाऱ्या, कॅल्शियम आत सोडणाऱ्या दाराला) अडवून बसलेले मॅग्नेशियम सहज दूर होते, कॅल्शियम आत शिरते आणि एरवी क्षुल्लक ठरला असता अशा स्पर्शालाही ती पेशी वेदनेसारखा प्रतिसाद देऊ लागते. तोच तंतू त्वचेकडील टोकातूनही सबस्टन्स पी सोडतो. मिरचीने झोंबलेल्या जागेभोवती लाली पसरते त्यामागे हेही एक कारण आहे.

उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना १९३१ मध्ये सबस्टन्स पी घोड्याच्या आतड्याच्या व मेंदूच्या अर्कात सापडले. पुढे १९५३ मध्ये फ्रेड लेम्बेक यांनी मज्जारज्जूच्या मागच्या मुळांत ते पुढच्या मुळांपेक्षा बरेच अधिक असल्याचे पाहून त्याचा संबंध संवेदनेशी जोडला, आणि ते अकरा अमिनो आम्लांचे आहे हे सुझन लीमन यांच्या गटाने १९७० च्या सुमारास दाखवले.

माझ्या आईला नागीण झाली होती. खपल्या पडून कातडी स्वच्छ झाली, तरी साडीचा पदर बरगडीवरून नुसता सरकला की ती श्वास रोखून थांबायची, आणि नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा कूलरचा झोत तिला अंगावर सहन होत नसे. भेटायला येणारे म्हणत, "आता तर काहीच दिसत नाही, मावशी, मनातून काढून टाका." त्यांचा हेतू चांगला होता, पण या बोलण्याने तिला फार त्रास झाला. विषाणूने चेतातंतूंना इजा केली की वरची कातडी भरून येऊनही आतल्या पेशी अतिसंवेदनशील राहू शकतात. ही वेदना शरीरातलीच असते, आणि ते रुग्णाच्या घरच्यांनी समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

एनके-१ अडवला की दुखणे थांबेल, या आशेने औषधे तयार झाली. प्राण्यांत ती आश्वासक ठरली, पण माणसांच्या चाचण्यांत वेदना अपेक्षेप्रमाणे कमी झाली नाही. माझ्या मते यात आश्चर्य नाही, कारण ग्लुटामेट, सीजीआरपी हे आणखी एक न्यूरोपेप्टाइड आणि इतर अनेक द्रव्ये त्याच वाटेवर काम करत असतात. त्याच गटातील अ‍ॅप्रेपिटंट मात्र केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर उपयोगी ठरले आणि २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

नागिणीनंतरच्या दुखण्यावर आज डॉक्टर अनेकदा गॅबापेन्टिन देतात. ते कॅल्शियम मार्गाच्या एका घटकाला चिकटून चेतातंतूंच्या टोकांतला स्रावच कमी करते, म्हणजे एका ग्राहकाला अडवण्याऐवजी उगमाकडेच हात घालते. काही ठिकाणी ८ टक्के कॅप्सायसिनची पट्टीही वापरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावलेल्या या पट्टीने त्वचेतली ती टोके काही आठवडे ते महिने निकामी होतात आणि मज्जारज्जूकडे जाणारी वर्दी तेवढा काळ मंदावते.